स्वस्तातलं म्हातारपण

जुन्या पोर्तुगीज वाइनचा शौकीन म्हटलं की लोकांना गडगंज माणूस दिसतो. हा गैरसमज आहे, आणि तो या गृहस्थानेच मोठ्या निगुतीने जोपासलेला आहे. गळ्याला रेशमी रुमाल, हातात पेला, पेल्यात नाक आणि नाकाच्या वर मिटलेले डोळे, हे सगळं खरं. पण त्या मिटल्या डोळ्यांआड चाललेलं असतं ते ध्यान नव्हे, भागाकार. बाटलीचं वय भागिले बाटलीची किंमत. लिस्बन, पोर्तू, लंडन, कुठल्याही बैठकीत हा भेटला तरी त्याच्या डोक्यात एकच प्रश्न असतो: एका युरोला किती वर्षं पडली? माझं म्हणणं असं की हा माणूस चैनी नाही, चिकट आहे; आणि त्याची रसिकता हे त्याच्या चिकटपणाचंच सर्वांत देखणं रूप आहे.

पुरावा त्याच्या निवडीतच आहे. म्हातारी वाइन बोर्दोमध्येही मिळते, पण तिथे प्रत्येक सुरकुतीचे पैसे मोजावे लागतात. पोर्तुगालच्या दाओं आणि बायराडा भागांतल्या जुन्या तांबड्या वाइनना फार काळ जगाच्या बाजारात कुणी विचारत नव्हतं, म्हणून हा तिकडे वळला. बायराडातल्या बागा नावाच्या द्राक्षाची वाइन तरुणपणी एवढी तुरट आणि आंबट असते की जीभ टाळ्याला चिकटते. ती माणसांत यायलाच पंधरा-वीस वर्षं लागतात. एवढी वर्षं दुसऱ्याच्या तळघरात, दुसऱ्याच्या भाड्याने गेलेली असतात, याचा आनंद याला पहिल्या घोटाआधीच होतो. लिस्बनजवळच्या कोलारेशवर त्याचं विशेष प्रेम. तिथल्या रामिश्कू द्राक्षाचे वेल समुद्रकाठच्या वाळूत वाढतात. एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा किडीने युरोपभरचे मळे उजाड केले, पण वाळूत तिचं काही चाललं नाही, त्यामुळे इथले वेल आजही कलम न करता स्वतःच्या मुळांवर उभे आहेत. किडीला जे जमलं नाही ते पुढे बंगले बांधणाऱ्यांनी बरंचसं करून दाखवलं. ही हकीकत तो गहिवरून सांगतो आणि त्याच दमात दुकानदाराला विचारतो, सहा घेतल्या तर काय लावाल?

सगळ्यात बोलका पुरावा बार्का वेल्याचा. 1952 सालच्या सुगीपासून फेर्नांदू निकोलाउ द आल्मेइदा यांनी दोरू खोऱ्यात ही तांबडी वाइन सुरू केली; ती निवडक वर्षांचीच निघते आणि तिची किंमत ऐकूनच नशा उतरते. वाइन बाटलीत भरल्यावर कित्येक वर्षं तिच्यावर नजर ठेवायची आणि ती या नावाला पुरी उतरत नाही असं वाटलं तर ‘रेझेर्वा इस्पेसियाल’ या नावाने कमी दरात सोडायची, अशी ती काढणाऱ्या घराण्याची रीत. आमच्या गृहस्थाची पसंती कुठली, हे सांगायला नको. नापास झालेलीच खरी गुणी, असं तो छातीठोकपणे सांगतो. तसं असेलही. पण याच तत्त्वाने त्याला कधी महाग बाजू घ्यायला लावल्याचं ऐकिवात नाही.

पाहुण्यांसमोर मात्र तो दोरूची गोड, बाटलीत मुरणारी व्हिंटेज पोर्ट काढतो, आणि इथे काहींना वाटतं की माझं म्हणणं कोलमडलं. ते उलट इथेच पक्कं होतं. जुनं बूच भुसभुशीत झालेलं असतं, म्हणून लोखंडी चिमटा लालबुंद तापवून बाटलीच्या गळ्याला धरायचा, मग तिथे ओलं फडकं लावायचं. गळा बुचासकट कडकन तुटतो. पाहुणे टाळ्या वाजवतात. मग गाळ खाली ठेवून वाइन अलगद ओतायची आणि टेबलावर डावीकडे फिरवायची. या सोहळ्यात एक बारीक गोष्ट झाकली जाते: अशी जुनी बाटली उघडली की दोन-एक दिवसांत संपवावी लागते, म्हणजे पाहुणे नसते तरी ती गेलीच असती. पाहुणे गेल्यावर तो स्वतःसाठी मादेइरा काढतो. ती आधीच महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं उष्णतेत आणि हवेत मुरवलेली असल्यामुळे पुढे तिचं बिघडायचं काही उरत नाही. उघडी बाटली महिनोन्‌महिने टिकते. अंगठ्याएवढ्या पेल्यातून ती किती दिवस पुरवायची, यात त्याचा हात धरणारा कोणी नाही.

आता खरा आक्षेप. हा सगळा बनाव आहे, असं म्हणणारे 2001 सालचा बोर्दोचा प्रयोग पुढे करतात. पांढऱ्या वाइनला तांबडा रंग दिला तर वाइनशास्त्राच्या 54 विद्यार्थ्यांनी तिचं वर्णन तांबड्या वाइनच्या शब्दांत केलं. प्रयोग खरा आहे आणि मजेदारही. पण त्यातून डोळा नाकाला फसवतो एवढंच ठरतं; नाकाला काहीच कळत नाही, असं ठरत नाही. पिंपात जुनी होणारी पोर्ट आणि मादेइरा यांत सोटोलॉन नावाचं द्रव्य वर्षांबरोबर वाढत जातं. लिटरमागे मायक्रोग्रॅमच्या हिशेबात असलं तरी ते नाकाला कळतं. म्हणजे म्हातारपणाला खरोखर वास असतो, आणि तो आपल्या गृहस्थाला येतो. पोर्तूच्या पोर्ट वाइन संस्थेचं मंडळही ‘वीस वर्षं’ अशी चिठ्ठी लावायला निघालेली टॉनी, म्हणजे पिंपात जुनी केलेली पोर्ट, त्या वयाची लागते की नाही, हे चाखूनच मान्य करतं. गंमत पुढेच आहे. आपल्या वहीत तो अक्रोड, जळती साखर, आजोबांचं शिसवी कपाट असं काहीबाही लिहितो. पण सोटोलॉन हेच मेथीच्या वासाचं मुख्य द्रव्य आहे. मराठी स्वयंपाकघरात वाढलेल्या कुणाच्याही नाकाखाली तो पेला धरा, मेथीदाण्यांचा डबा उघडल्यासारखं वाटेल. वहीत मेथी लिहिली तर बाटलीची पत उतरेल, म्हणून ती नोंद होत नाही.

तरी एक कबूल करायला हवं. वयापुढे त्याला दोष दिसेनासे होतात. व्हिनेगरची झाक आली तर म्हणे वाइनला धार आहे. कुबट वास आला तर म्हणे तिला श्वास घेऊ द्या. काहीच चव उरली नसली तर म्हणे सौम्य झाली. पिंपातून दरवर्षी साधारण दोन टक्के वाइन उडून जाते, म्हणजे चाळीस वर्षांत निम्म्याहून अधिक. देवदूतांचा वाटा म्हणून बाकीचे उसासे टाकतात. हा खूश असतो, कारण तो तोटा विकणाऱ्याच्या खात्यावर पडलेला असतो.

त्याचा भूगोलही याच हिशेबाने चालतो. पूर्वी मादेइराची पिंपं जहाजातून विषुववृत्त ओलांडून हिंदुस्थानपर्यंत जात, आणि उन्हातान्हातून परत आलेली वाइन चांगली मुरते म्हणून तिला जास्त भाव येई. ही गोष्ट त्याला पाठ आहे. पण गोव्याच्या दुकानांत ‘पोर्ट वाइन’ म्हणून मिळणारी गोड तांबडी बाटली दाखवली की तो 1756 साली पोंबालच्या मार्क्विसाने दोरूची हद्द आखली तिथून सुरुवात करतो आणि ग्रॅनाइटच्या सीमास्तंभांपाशी येऊन थांबतो. हिंदुस्थानात जाऊन आलेली वाइन थोर, हिंदुस्थानात राहिलेली नव्हे. वास्तविक तिच्यावर त्याचा राग दुसऱ्याच कारणाने असावा: ती स्वस्त आहे खरी, पण तिला वयच नाही.

या सगळ्या हिशेबाला एकच खर्च बसत नाही. 2011 ची व्हिंटेज पोर्ट गाजली तेव्हा याने एक पेटी पूर्ण दराने घेतली, तीही कोवळी. अशी वाइन पिकायला तीस-चाळीस वर्षं लागतात आणि याची सत्तरी उलटलेली. युरोमागे शून्य वर्षं, आणि तळघराचं भाडंही आता स्वतःचंच. घरच्यांनी विचारलं, ही कुणासाठी? त्याने नातवाचं नाव सांगितलं. नातू बिअर पितो.