चित्रं खुर्च्यांच्या मागे आहेत

आमच्या गावच्या वाचनालयात एका निवृत्त चित्रकला शिक्षकांच्या जलरंगचित्रांचं प्रदर्शन भरलं होतं. सरांनी नोकरीभर मुलांना इलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसवलं आणि सुट्ट्यांमध्ये वाई, मेणवली, माहुलीच्या घाटांवर बसून स्वतःची चित्रं काढली. चित्रं चांगली आहेत. माझी तक्रार एवढीच, की ती पाहता आली नाहीत.

उद्घाटनासाठी मांडलेल्या खुर्च्या प्रदर्शन संपेपर्यंत कोणी उचलल्या नाहीत. त्यांच्या रांगा भिंतीला जवळजवळ टेकलेल्या. जलरंगातलं चित्र आधी चार पावलं मागे सरून पाहायचं असतं. तेव्हा घाटाच्या पायऱ्या आणि त्यांचं पाण्यातलं हलतं रूप वेगवेगळं दिसतं. मग जवळ जायचं आणि चित्रकाराने कागद कुठे कोरा सोडलाय ते शोधायचं. या माध्यमात पांढरा रंग सहसा लावत नाहीत. देवळाच्या कळसावरचं ऊन म्हणजे न रंगवलेला कागद, आणि तो राखणं हेच यातलं अवघड काम. इथे मागे सरायला जागा नव्हती आणि जवळ जायचं तर खुर्चीवर गुडघा टेकावा लागत होता. मेणवलीच्या घाटाचं चित्र मी असंच पाहिलं.

काही चित्रं पुस्तकांच्या कपाटांच्याही वर होती. चित्राचा मध्य साधारण पाच फुटांवर, म्हणजे उभ्या माणसाच्या नजरेसमोर यावा, अशी पद्धत आहे. पण भिंतीत देणगीदारांच्या तसबिरींचे खिळे आधीचे होते. तसबिरी उतरवल्या आणि त्याच खिळ्यांना घाट टांगले. एक साधी दोरी बांधून चित्रं खाली घेता आली असती.

उजेडाचं तर विचारूच नये. समोरच्या काचेत आधी ट्यूबलाइट दिसायची, मग मी, मग चित्र. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन दोन चित्रांवर थेट येत होतं. कागदावरच्या जलरंगांवर ५० लक्सपेक्षा जास्त उजेड नको, असा संग्रहालयांचा दंडक आहे. उघडं ऊन त्याच्या शेकडो पट असतं. अलिझरिन क्रिमसनसारखा लाल तर उन्हाने लवकर उडतो. खिडकीला पडदा होता. तो गाठ मारून बांधून ठेवला होता.

उद्घाटनाच्या दिवशी सगळ्यात मोठ्या चित्रावर फ्लेक्स लावला होता. त्यावर पाहुण्यांचे फोटो, पदाधिकाऱ्यांचे फोटो आणि तळाशी बारीक अक्षरात चित्रकाराचं नाव. प्रमुख पाहुण्यांनी ‘मला चित्रकलेतलं काही कळत नाही’ अशी सुरुवात केली आणि ते बराच वेळ बोलले. त्यांच्यानंतरच्यांनीही तेच सांगितलं. कादंबरीवर बोलायला आलेला माणूस मला वाचता येत नाही असं सांगून उभा राहत नाही. चित्राबाबत मात्र हे न कळणं आपण विनय म्हणून खपवून घेतो, याचा मला खरोखर राग येतो.

चित्रांखाली नुसते आकडे होते. कोणता घाट, कधी काढला, किंमत काय, हे सगळं एका यादीत होतं आणि यादी ग्रंथपालांच्या ड्रॉवरमध्ये. दुपारी वाचनालय बंद. फ्रेमचा खर्च सरांनी पदरचा केला होता. एक ओळखीचे गृहस्थ सगळ्यांदेखत म्हणाले, ‘सर, एखादं आम्हाला असंच द्या की, हॉलमध्ये लावतो.’ सर नुसते हसले. अभिप्रायाच्या वहीत पानंच्या पानं ‘अप्रतिम’ आणि ‘खूप छान’ आहे. एकाही चित्राचं नाव नाही.

मुंबईत जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ पासून आहे, आणि तिथे जागा मिळायला वर्षानुवर्षं वाट पाहावी लागते. तालुक्याच्या चित्रकाराला वाचनालयाचं सभागृह हीच गॅलरी. आमच्या सातारा जिल्ह्यात तर चित्रांना नीट जागा हवी याची जाण नवी नाही. औंधला बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली टेकडीवर संग्रहालय उभारलं. ते राजे होते आणि स्वतः चित्रं काढत. तेवढा पैसा वाचनालयाकडे नाही हे मी समजू शकतो. पण फ्रेम सोडल्या, तर वर लिहिलेल्या एकाही गोष्टीला पैसा लागत नाही.

दिवाळीनंतर याच सभागृहात एका तरुण मुलीची चित्रं लागणार आहेत. कार्यवाहांना माझी विनंती आहे: भाषणं आटोपली की खुर्च्या उचलून घ्याव्यात, पडदा सोडावा, यादी दाराशी चिकटवावी आणि प्रदर्शनाचे आठ दिवस तरी दुपारी दार उघडं ठेवावं. माणसं कमी पडत असतील तर मला निरोप द्यावा. खुर्च्या उचलायला मी येईन.