वायफायवरून घरच्यांचे मस्टर कसे ठेवावे

एमआयडीसीत गेटवर अंगठा लावल्याशिवाय कोणी आत जात नाही. घराच्या दाराशी मात्र असा बंदोबस्त नसतो. त्यामुळे थर्ड शिफ्ट सुटल्यावर चिरंजीव थेट घरी आले की नवापूर नाक्यावर चहाला रमले, याचा पत्ता लागत नाही. बोईसर-तारापूरच्या निवृत्त कुटुंबप्रमुखांनी पुढील शास्त्रोक्त उपाय करावा.

टीव्हीमागची धूळ झटकून राउटर शोधा. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाका, नाहीतर १९२.१६८.०.१. पासवर्ड बहुधा राउटरच्या बुडाशी चिकटवलेला असतो. (वायफायचा पासवर्ड वेगळा, राउटरचा वेगळा. बरेच संशोधक इथेच गारद होतात.) आत ‘डीएचसीपी क्लायंट लिस्ट’ दिसेल. हेच मस्टर.

त्यावर लगेच विश्वास ठेवू नका. राउटर प्रत्येक फोनला पत्ता भाड्याने देतो, पुष्कळदा चोवीस तासांच्या कराराने. भाडेकरू लोकलने विरारला पोहोचला तरी करार संपेपर्यंत त्याची हजेरी लागलेलीच असते. म्हणून सिस्टिम लॉग पाहा, कोण कधी जोडला आणि कधी तुटला ते बहुधा तिथे असते. इथे उलटी पंचाईत होते. बॅटरी वाचवायला फोन झोपतो, आणि पलंगावर घोरणारा मुलगा लॉगमध्ये रात्रभर घराबाहेर ये-जा करतो. अडीच वाजता ‘बाहेर’ दिसला म्हणून चपला घालू नका. आधी पांघरूण तपासा.

एक ‘अननोन’ कायम हजर दिसेल, एकही खाडा नाही. तो टीव्ही.

मस्टरवरचा फोन कोणाचा, हे ओळखायची खूण म्हणजे त्याचा मॅक पत्ता. पण अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन आपला खरा मॅक पत्ता सांगत नाहीत, बनावट सांगतात. खरा सांगायला लावण्याचे बटण त्या फोनच्याच सेटिंगमध्ये असते. म्हणजे ज्याच्यावर पाळत ठेवायची, त्याच्याचकडे फोन मागायचा. या शास्त्रातली सर्वांत अवघड पायरी हीच.

आता वेळेचे. देशातले पहिले अणुवीज केंद्र शेजारी असूनही आपल्याकडे लाइट जाते, हे आपण जाणताच. घरगुती राउटरमध्ये बहुधा घड्याळाचा सेल नसतो. लाइट गेली की जुना लॉग पुसला जातो, आणि परत आल्यावर इंटरनेटवरून वेळ मिळेपर्यंत अनेक राउटर १ जानेवारी १९७०, भारतीय वेळेप्रमाणे पहाटे साडेपाच, असे धरून चालतात. त्या हिशेबाने तारापूरची पहिली दोन युनिटे व्यावसायिकरीत्या सुरू होऊन जेमतेम दोन महिने झालेत, पालघर जिल्हा व्हायला चव्वेचाळीस वर्षे बाकी आहेत आणि चिरंजीव जन्मायच्या आधीच शिफ्टवरून परतलेत. या नोंदीवरून त्यांना जाब विचारू नये. राउटरला छोटा यूपीएस लावावा.

आणि राउटरचा पासवर्ड आजच बदला. तुमचा फोनही याच मस्टरवर आहे. ‘बँकेत जाऊन येतो’ म्हणून बाहेर पडलेला तो किती वाजता परतला, हे घरात कोणालाही वाचता येते.