खापर

अथेन्समधल्या त्या दिवसाचं पहिलं खापर सकाळी सव्वाअकरालाच फुटलं, तेही माझ्या डोक्यावर. अ‍ॅक्रोपोलिसच्या पायऱ्या चढताना माझा पाय सटकला. "तरी सांगत होतो, बूट घाल," हे म्हणाले. माणसं चालून चालून तिथला संगमरवर तेल चोळल्यासारखा गुळगुळीत झालाय, ते मात्र यांच्या सतरा पानी नियोजनात कुठे नव्हतं. मग मीही विचारलं, जुलैत अकराची तिकिटं कुणी काढली? टोप्या हॉटेलवर कोण विसरलं? सामना बरोबरीत सुटला.

हे बँकेतून निवृत्त झालेत. त्यामुळे मोडकी वस्तू दिसली की यांचा पहिला प्रश्न, "जबाबदार कोण?" पार्थेनॉनसमोर हा प्रश्न कुणालाही पडेल. इ.स.पूर्व ४४७ मध्ये काम सुरू झालं आणि १५ वर्षांत शिल्पांसकट संपलं. अथीनाच्या या देवळाचं पुढे चर्च झालं, मग मशीद झाली, तरी दोन हजार वर्षं ते उभं होतं. मग तुर्कांनी त्यात दारूगोळा साठवला, आणि १६८७ मध्ये वेढा घालून बसलेल्या व्हेनिसवाल्यांचा तोफगोळा नेमका तिथेच येऊन पडला.

"आता दोष साठवणाऱ्याचा की मारणाऱ्याचा?" हे विचारात पडले. उतू गेलेल्या दुधावरून हा वाद आमच्याकडे तीस वर्षं चालू आहे. गॅसवर ठेवणारी मी, आणि 'लक्ष ठेवतो' म्हणून पेपर वाचणारे हे.

त्यानंतर आले डागडुजी करणारे. मूळ कारागिरांनी दगड लोखंडी आकड्यांनी जोडले होते, पण गंजू नयेत म्हणून वरून शिसं ओतलं होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दुरुस्तीत लोखंड आलं, शिसं राहून गेलं. लोखंड गंजून फुगलं आणि संगमरवर तडकला. आता ते उपसून टायटॅनियम बसवताहेत. टेकडीवर ही दुरुस्तीची दुरुस्ती १९७५ पासून चालू आहे. आमच्या सोसायटीच्या लिफ्टबद्दल मी यापुढे काही बोलणार नाही.

यांना मात्र पार्थेनॉनने एक भेट दिली. तिथले खांब मध्यावर किंचित फुगवलेले आहेत. अगदी सरळ केले असते, तर लांबून ते आत दबल्यासारखे दिसले असते, असं म्हणतात. हे ऐकल्यापासून यांनी पोट आत घेणं सोडून दिलंय.

दुपारी अ‍ॅक्रोपोलिसच्या संग्रहालयात गेलो. २००९ मध्ये उघडलेली ही इमारत गार आहे आणि तिथे बसायला जागा आहे, म्हणून माझ्या मते ती ग्रीक संस्कृतीचा कळस आहे. तिथे डोक्यावर छप्पर पेलणाऱ्या पाच दगडी बायका उभ्या आहेत, आणि सहावीची जागा रिकामी. एल्गिन नावाच्या ब्रिटिश सरदाराने नेलेल्या शिल्पांबरोबर ती लंडनला गेली, ती आजही तिथेच. टेकडीवरच्या त्यांच्या मूळ देवळावर, म्हणजे एरेक्थिऑनवर, या सहाजणींच्या फक्त प्रतिकृती उरल्यात. "अडीच हजार वर्षं छप्पर डोक्यावर, आणि एक कमी झाली तरी काम तेवढंच," मी म्हटलं. हे पाटी वाचण्यात गुंगले.

संध्याकाळी खालच्या अगोरात, म्हणजे जुन्या बाजारचौकात उतरलो. तिथल्या संग्रहालयात आमच्या दिवसाचा उलगडा काचेमागे मांडून ठेवला होता. ती होती खापरं! फुटक्या मडक्यांचे तुकडे, आणि त्यांवर कोरलेली नावं. एखादा पुढारी डोईजड झाला, की अथेन्सचे नागरिक खापरावर त्याचं नाव लिहीत. निदान सहा हजार खापरं जमली, की सर्वांत जास्त वेळा नाव आलेल्याने दहा वर्षं शहराबाहेर राहायचं. थेमिस्टोक्लीस या सेनापतीच्या नावाची सुमारे १९० खापरं एकाच विहिरीत सापडली. अक्षरं मात्र जेमतेम चौदा जणांची! म्हणजे नाव आधीच लिहून खापरं वाटायला ठेवलेली. आपल्याकडे मतदानाच्या आदल्या दिवशी घरोघरी चिठ्ठ्या येतात, त्यांची खापरपणजी म्हणायची.

अशाच एका मतदानाची गोष्ट प्लुटार्क या प्राचीन चरित्रकाराने लिहून ठेवली आहे. एका अडाणी माणसाने खापर पुढे करून शेजारच्याला विनवलं, "यावर अरिस्टायडीस लिहून दे." तो शेजारी म्हणजे खुद्द अरिस्टायडीस हा पुढारी. "त्याने तुझं काय वाकडं केलंय?" "काही नाही. जो तो त्याला 'न्यायी, न्यायी' म्हणतो, ते ऐकून कंटाळा आलाय." अरिस्टायडीसने निमूटपणे आपलं नाव लिहून दिलं.

सदा बरोबर असणाऱ्या माणसाबरोबर राहणं म्हणजे काय, हे त्या अडाणी माणसाला कळलं होतं. मी यांच्याकडे पाहिलं. हे पाटीवरचा शुद्धलेखनाचा दोष शोधत होते.

रात्री खोलीवर आल्यावर कळलं, की फोनचा चार्जर पुण्यातच राहिलाय. यांनी तोंड उघडलं. मी हात वर केला. "फोडायचं तर रीतसर फोडा. सहा हजार खापरं लागतात."

आमच्या घरात मतदार दोनच आहेत.