ॲपचं काही चुकलं नव्हतं

आमच्या सायखेड्याला पाण्याचं कौतुक नाही. गोदावरी उशाला. पावसाळ्यात तिनं मनावर घेतलं, की पुलाला पाणवेली तटतात आणि बाई थेट बाजारपेठेत येते. अशा गावात माणशी रोज 55 लिटर पाणी मिळतं का, हे विचारायला एक पोरगा मोटारसायकलवर आला.

पोरगा सरकारी नव्हता. 15 ऑगस्ट 2019 ला जल जीवन मिशन जाहीर झालं, त्यात नळामागोमाग संस्थाही आल्या. गावाला समजावणारी ‘अंमलबजावणी सहाय्य संस्था’ वेगळी, काम तपासणारी ‘त्रयस्थ संस्था’ वेगळी. संस्था नेमायच्या म्हणजे टेंडर आलं: उलाढाल, अनुभवाचे दाखले, बयाणा रक्कम, शपथपत्र आणि शेवटी दर. कांद्याच्या लिलावात चढं बोलेल त्याला माल. इथं बहुतेकदा उतरतं बोलेल त्याला काम. दर इतका उतरतो, की पोरं एका टाकी पेट्रोलमध्ये बसतील तेवढी गावं उरकतात. त्यांचं तरी काय चुकलं?

नळाचा फोटो अक्षांश-रेखांशासकट हवा होता. लोकेशन धरेना. धरलं तेव्हा आमचा नळ गोदेच्या पात्रात! पोरगा घामाघूम.

"असू दे रे," मी म्हटलं, "ॲपचं काही चुकलं नाही, महिना चुकलाय. पुरात ये, बरोबर दाखवेल."

मग त्यानं शेजारच्या काकूंना गाठलं. "55 लिटर मिळतं का?"

"आम्ही हंड्यानं भरतो बाबा."

"हंडा किती लिटरचा?"

"पोचे पडायच्या आधीचं सांगू का नंतरचं?"

त्यानं ‘होय’वर बोट टेकवलं.

पुढे प्रशिक्षण. गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायला शिकवायचं, हा मिशनचा नियमच; आणि मला विचाराल तर सगळ्यात शहाणा. काचेच्या नळीत पाणी घ्या, थेंब टाका, रंग तक्त्याशी ताडून बघा. रंगावरून द्राक्षाचा घड हेरणाऱ्या बायका त्या. शिकवायला आलेल्या सरांचं बोलणं संपायच्या आत त्यांचं तपासून झालं.

उरला अभिप्रायाचा फॉर्म. प्रशिक्षण कसं वाटलं? ‘चांगले’, ‘उत्तम’, ‘अतिउत्तम’.

"सर, तक्रार कुठं लिहायची?" काकूंनी विचारलं.

"तसा रकाना नाही, ताई."

काकूंनी ‘अतिउत्तम’वर खूण केली, कागद उलटवला आणि मागं लिहिलं: ‘शेतीची लाईट रात्री, नळाला पाणी पहाटे. आम्ही निजायचं कधी?’

सरांनी मोबाइलवर फॉर्म स्कॅन केले. पुढच्या बाजूनं.