वेडेपणाची थोरवी

नवी मुंबईतल्या एखाद्या आगरी घरची लग्नपत्रिका नीट वाचून पाहा. सर्वांत वर ‘श्री एकवीरा आई प्रसन्न’, त्याखाली गावदेवीचं नाव, मग वधूवर, मग आजोबांपासून पुतण्यांपर्यंत निमंत्रकांची भलीमोठी यादी आणि शेवटी पत्ता : मु. पो. करावे, नाहीतर मु. दारावे, नाहीतर मु. बोनकोडे. या गावांची शेती नवं शहर वसवणाऱ्या सिडको महामंडळाने घेतली, ग्रामपंचायती गेल्या, १९९२ साली महापालिकेचा कारभार सुरू झाला. सरकारी हिशेबात ती गावं शहराचे प्रभाग झाली. तरी लोक गावाचा पत्ता छापतात. शहाण्या माणसांना हा वेडेपणा वाटतो. मी तोच शब्द घेतो आणि या वेडेपणाची थोरवी मनापासून सांगतो.

शहाण्यांची बाजू आधी मांडू. १९३३ साली उरुग्वेतल्या मोंतेविदेओ इथे झालेल्या करारात राज्याची लक्षणं लिहून ठेवली गेली : कायमची वस्ती, ठरलेली हद्द, शासन आणि इतर राज्यांशी व्यवहार करण्याची क्षमता. मानवी भूगोलाची पाठ्यपुस्तकं आजही इथूनच सुरुवात करतात. पण तीच पुस्तकं पुढे सांगतात की राज्य वेगळं आणि राष्ट्र वेगळं. एर्नेस्ट रेनाँ या फ्रेंच विचारवंताने १८८२ साली पॅरिसमधल्या व्याख्यानात वंश, भाषा, धर्म, नद्या-डोंगर अशी एकेक कसोटी तपासून बाजूला ठेवली. शेवटी दोनच गोष्टी उरल्या : एकत्र भोगलेल्या गोष्टींची आठवण आणि पुढेही एकत्र राहण्याची इच्छा. हद्द मोजणीदार आखू शकतो. ही इच्छा मात्र माणसांनी रोज नव्याने धरावी लागते, आणि ती धरायला थोडं वेड लागतं.

आता आपला नकाशा. मार्च १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतली ९५ गावं, ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र, भातशेती, मिठागरं, खाडीकिनारा या सगळ्यावर एका नव्या शहराचा आराखडा मांडला गेला. त्यावर पुढे इतरांच्या रेषा आल्या. दिघ्यापासून बेलापूरपर्यंत नवी मुंबई महापालिका आणि ठाणे जिल्हा. बेलापूरला लागून असलेलं खारघर रायगड जिल्ह्यात, आणि २०१६ पासून पनवेल महापालिकेत. तिथल्या गाडीचा क्रमांक एमएच ४६, वाशीतल्या गाडीचा एमएच ४३. जिल्हा दुसरा, महापालिका दुसरी, तरी खारघर-कामोठ्याचा माणूस स्वतःला नवी मुंबईकरच म्हणवतो. कायद्याने त्याचं चुकतं, पण शहर अशाच चुकांनी एक होतं.

लोकसभेच्या रेषेची गोष्ट तर मला फार मोलाची वाटते. २००८ च्या पुनर्रचनेत ऐरोली आणि बेलापूर ठाण्याकडे राहिले. पनवेल, उरण आणि कर्जत मात्र सह्याद्रीपलीकडच्या पिंपरी, चिंचवड आणि मावळला जोडून मावळ मतदारसंघ झाला. खाडीकाठचं उरण आणि घाटापलीकडचं पिंपरी यांचा संबंध काय, असा प्रश्न तेव्हापासून विचारला जातो. पण कार्ल्याची एकवीरा मावळातच आहे. आगरी-कोळ्यांची ही कुलदेवता. चैत्रातल्या जत्रेला खाडीकाठची गावंच्या गावं घाट चढून जातात, ती कुठल्याही आयोगाने सांगितलं म्हणून नाही. खाडी आणि घाटमाथा यांना जोडणारा एक प्रदेश पायांनी आखला गेला होता. मतदारसंघाची रेषा त्यावर फार उशिरा येऊन पडली. भूगोल शिकणाऱ्या मुलांना प्रदेश म्हणजे काय हे समजावायचं असेल, तर त्यांना चैत्रात कार्ल्याच्या पायऱ्यांवर न्यावं.

वेडेपणाची सगळ्यांत मोठी परीक्षा उरण तालुक्यात झाली. न्हावाशेवा बंदरासाठी शेवा कोळीवाडा उठवला गेला. बंदर १९८९ साली सुरू झालं. गावाचं पुनर्वसन हनुमान कोळीवाडा नावाने दुसरीकडे झालं आणि त्या जागेला वाळवीने पोखरलं. म्हणजे हद्द गेली, किनारा गेला, घराचे वासेही शाबूत राहिले नाहीत. मोंतेविदेओच्या कसोटीवर काहीच हाती लागत नाही. तरी दशकानुदशकं ही माणसं एक गाव म्हणूनच भांडत आली आहेत. एकेकट्याने मिळेल ते घेऊन पांगणं सोपं होतं. त्यांनी ते केलं नाही. जमीन नसताना गाव टिकवण्याला मी भाबडेपणा म्हणणार नाही. रेनाँने सांगितलेली इच्छा ती हीच.

जमिनीचं वेडही असंच. पैसे मिळाले, सातबाऱ्यावरचं नाव गेलं, विषय संपला, असं शहाणपण सांगतं. प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटील आणि त्यांच्यासोबतच्या शेतकऱ्यांनी ते मानलं नाही. १९८४ च्या जानेवारीत जासईच्या परिसरात गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातूनच पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के क्षेत्राइतका विकसित भूखंड मूळ मालकाला परत देण्याचं धोरण आलं. जमीन हातची गेली तरी माणसाचं तिच्याशी असलेलं नातं संपत नाही, ही गोष्ट सरकारला कागदावर मान्य करावी लागली. नवी मुंबईच्या विमानतळाला दि. बां.चं नाव द्या म्हणून २०२१ च्या जूनमध्ये हजारो लोक रस्त्यावर उतरले, ते याच नात्याच्या जोरावर. रेल्वेच्या पाट्यांवर सीवूड्सला जोडून ‘दारावे’ आणि पुढे ‘दिघा गाव’ ही गावांची नावं दिसतात, तेव्हा मला त्या पाट्यांचा अभिमान वाटतो.

हेच वेड महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून जपलं गेलं आहे. बेळगाव, खानापूर, निपाणीकडची माणसं दर १ नोव्हेंबरला काळा दिवस पाळतात. ८६५ गावांवरचा महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तिथल्या कित्येकांचा जन्म रेषा आखल्यानंतरचा. आपण कोणाचे, हे त्यांना घरात कळलं.

या वेडाला एक धोका आहे आणि तो मी गंभीरपणे घेतो. आपलेपणाची हद्द फार आवळली की शेजारी परका होतो. पण नवी मुंबईतल्या गावठाणांनी तसं केलेलं नाही. साताऱ्याचा माथाडी कामगार, केरळची परिचारिका, उत्तरेतला गवंडी, यांतल्या कितीतरी जणांना या शहरात पहिली खोली गावठाणातच भाड्याने मिळाली. सिडकोच्या सेक्टरमधलं घर त्यांना परवडणारं नव्हतं. ज्यांची जमीन गेली त्यांनीच नव्याने येणाऱ्यांना जागा दिली.

म्हणून माझं मागणं साधं आहे. कुटुंबं वाढली, मुलांची लग्नं झाली, तशी गावठाणालगत गरजेपोटी घरं बांधली गेली. त्यांच्यावर अनधिकृत हा शिक्का किती पिढ्या ठेवणार? प्रत्येक गावठाणाची प्रत्यक्ष वस्तीप्रमाणे मोजणी करा, हद्द नकाशावर गावाच्या नावासह दाखवा, घरमालकाला त्याच्या नावाचा मिळकतीचा कागद द्या. शहाण्यांनी या भूमीवर पन्नास वर्षं पुष्कळ रेषा ओढल्या. एक रेषा आता या वेड्यांना विचारून ओढावी, कारण इथे गाव कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं, हे खरोखर त्यांनाच ठाऊक आहे.