दोनास एक

आठवीच्या वर्गावर गुणोत्तर-प्रमाण शिकवताना मागच्या बाकावरून एक प्रश्न दरवर्षी यायचा, "बाई, हे पुढे कुठे लागतं?" मी हिशेब, नकाशे, बँकेचं व्याज अशी भारदस्त उत्तरं द्यायची. खरं उत्तर टेक्ससमध्ये माझ्या नातीच्या खोलीत राहतं. ते रात्री जागं होतं, पडद्यावर चढतं आणि तिथून थेट माझ्या अंबाड्यावर उतरतं.

त्याला शुगर ग्लायडर म्हणतात. ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीकडचा, पोटाला पिशवी असलेल्या कांगारूच्या गोतावळ्यातला प्राणी. वजन सव्वाशे ग्रॅमच्या आसपास. पुढच्या पायापासून मागच्या पायापर्यंत कातडीचा पडदा असतो. तो ताणून जंगलात हे महाशय या झाडावरून त्या झाडावर ५० मीटरपर्यंत तरंगत जातात. कॅलिफोर्नियात ते पाळायला बंदी आहे, टेक्ससमध्ये नाही, आणि माझा मुलगा नेमका टेक्ससमध्ये राहतो. एकटं ठेवलं तर झुरतं, म्हणून जोडी आणली. नावं पेढा आणि बर्फी. नावं गोड असली तरी झोपमोड झाली की दोघंही अशी कर्कश घरघर करतात, की आपणच भाड्याने राहतोय असं वाटावं.

आल्या आल्या सूनबाईंनी नियम सांगितला, "आई, यांच्या पोटात जे जाईल त्यात कॅल्शियम आणि फॉस्फरसचं प्रमाण दोनास एकच्या जवळ हवं. एकास एकच्या खाली तर जायचंच नाही." मी खुर्ची ओढून बसले. निवृत्तीनंतर इतकं सुंदर वाक्य माझ्याशी कोणी बोललं नव्हतं.

कारणही ऐकण्यासारखं होतं. रक्तातलं कॅल्शियम कमी पडू द्यायचं नाही, ही पॅराथायरॉइड ग्रंथींची जबाबदारी. खाण्यात फॉस्फरस फार आणि कॅल्शियम थोडं झालं, की या ग्रंथी हाडांतलं कॅल्शियम उचलून रक्तात टाकतात. प्राणी बाहेरून गुटगुटीत दिसतो, आतून हाडं पोकळ होत जातात. मग एक दिवस मागचे पाय लुळे पडतात, नाहीतर साध्या उडीत हाड मोडतं.

हे सगळं आमच्या ह्यांच्यासमोर सांगितलं गेलं, पण ह्यांच्यापर्यंत पोहोचलं नाही. हे मालवणचे. दारात आलेल्याला रिकाम्या तोंडी पाठवणं ह्यांच्या रक्तात नाही. इथे तर पाहुणे पिंजऱ्याच्या आतच होते. हे केळं सोलायला घेत आणि नात अभ्यासातून मान वर न करता म्हणे, "आजोबा, केळ्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या चौपट." सफरचंद? "जवळजवळ दुप्पट." मक्याचे दाणे? "चाळीसपटीच्या वर!" पालक? "त्यात कॅल्शियम आहे, पण ऑक्झॅलेट ते धरून ठेवतं." पास झाली ती पपई. तिच्यात कॅल्शियम फॉस्फरसच्या दुप्पट, म्हणजे थेट पाठ्यपुस्तकातलं दोनास एक. ह्यांचा चेहरा पडला. "म्हणजे माणसांना जे आवडत नाही तेच बिचाऱ्यांना द्यायचं!"

प्रथिनांसाठी अळ्या असतात. अळ्या आणि फॉस्फरस यांचं फार जुनं सख्य आहे, कॅल्शियमशी मात्र अबोला. म्हणून पिशवीत कॅल्शियमची भुकटी घ्यायची, त्यात अळ्या सोडायच्या, पिशवीचं तोंड धरून हलवायचं. बोंबलाला रवा लावावा तशा त्या पांढऱ्याफटक होऊन बाहेर येतात. हे शेजारी उभं राहून बराच वेळ शांतपणे बघत होते. शेवटी म्हणाले, "तळणार कधी?"

मला स्वतःला कुतूहल होतं ते वेगळंच. टेक्सस नव्हतं, भुकटी नव्हती, तेव्हा या प्राण्यांचं कसं चालायचं? जंगलात हे निलगिरीचा चीक, फुलांतला मध, पराग, किडे खातात आणि अॅकेशियाच्या झाडांचा डिंक चाटतात. अॅकेशिया म्हणजे आपल्या बाभळीचं भाऊबंद, आणि तसल्या डिंकात कॅल्शियमचे क्षार असतात. बाळंतिणीच्या हाडांसाठी आपण डिंकाचे लाडू वळतो. ही मंडळी तूप-गुळाच्या भानगडीत न पडता झाडालाच तोंड लावतात. त्या रात्री पेढ्याकडे मी प्रथमच आदराने पाहिलं.

मग ह्यांनी तोडगा काढला. माझी कॅल्शियमची गोळी आणून म्हणाले, "हिचाच एक कोपरा मोडून देऊ." मी कागद घेतला. माझं वजन ६० किलो, गोळीत कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम; तर १२० ग्रॅमच्या प्राण्याला किती? उत्तर आलं १ मिलिग्रॅम. शरीराचा कारभार असा सरळ त्रैराशिकाने चालत नाही हे मलाही कळतं, पण कोपरा किती मोठा असतो ते कळायला एवढं पुरे. अडकित्त्याने गोळीचा पाचशेवा भाग कातरता येत असेल तर खुशाल द्या, म्हटलं. शिवाय गोळीत ड जीवनसत्त्वही असतं. ते जास्त झालं तर कॅल्शियम हाडं सोडून मूत्रपिंडात ठाण मांडतं.

सूनबाई मध, अंडं, सफरचंदाचा रस, गव्हांकुर, लहान मुलांचं सिरिअल आणि फॉस्फरस नसलेली कॅल्शियमची भुकटी एकत्र घोटतात, बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवतात आणि रोज रात्री मोजून देतात. या कृतीत दोनास एकचा हिशेब आधीच केलेला आहे. वरून आणखी भुकटी भुरभुरणं म्हणजे सोडवलेल्या गणितात शेवटच्या ओळीला पुन्हा बेरीज करणं. वर्गात मी त्याला शून्य गुण देत असे.

म्हणून शुगर ग्लायडर पाळायची हौस असणाऱ्यांना या बाईचं सांगणं: आधी असे प्राणी तपासणारा पशुवैद्य शोधा, मग प्राणी आणा. आहाराची एकच कृती धरा, दोन कृतींची खिचडी करू नका. भुकटीचा चमचा सपाट घ्या, शिगोशीग नको. मागचे पाय ओढत चालताना दिसला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि भारतातून पाहुणे यायचे असतील तर पिंजऱ्याला कुलूप लावा व किल्ली आजोबांच्या हाती देऊ नका.