छापखान्याची चूक, पोराची चूक

वर्गसमीकरणात वजा ५ होते, पोराने घाईत अधिक ५ उतरवले. मग त्या अधिक ५ शी इमानाने वागत त्याने अवयव पाडले, मुळे काढली, ताळाही जुळवला. २ आणि ३ यायचे ते वजा २ आणि वजा ३ आले, एवढेच. दयाळू परीक्षक भेटला तर पायऱ्यांचे गुण. घाईतला भेटला तर उत्तरसूचीवर एक नजर आणि लाल भोपळा. घरी आई म्हणते, "येत होतं ना? मग चुकलास कसा?" गणित न येणाऱ्या पोराला हा प्रश्न कोणी विचारत नाही, त्यामुळे ते सुखी असते.

केंब्रिजच्या ए-लेव्हल गणिताच्या उत्तरसूचींत या चुकीची सोय आहे. आकडा खरोखरच चुकीचा वाचला गेला आणि गणिताची काठिण्यपातळी तीच राहिली, तर एखादा गुण कापायचा आणि पुढचे पोराच्या आकड्यावरून तपासायचे. साहेब जाताना एवढी एक गोष्ट विसरून गेला असता तर!

आपल्याकडे सीबीएसईही परीक्षकांना बजावते की एका चुकीची शिक्षा एकदाच करा. पण त्याच सूचनांत पूर्वीच्या परीक्षकांच्या चुकांची यादी असते: उत्तर न तपासता सोडणे, गुणांची बेरीज चुकणे. बेरीज! गणिताच्या पेपरावर! त्यावर उपायही ठरलेला: चूक त्यांची, शोधायची पोराने, गुणपडताळणीचे शुल्क भरायचे बापाने.

आणि प्रश्नपत्रिकाच चुकली तर? २०२३ च्या बारावीच्या इंग्रजीच्या पेपरात प्रश्नाच्या जागी परीक्षकांसाठीचा मजकूर छापला गेला. राज्य मंडळाने मोठ्या मनाने ६ गुण वाटले. प्रश्नाचा नुसता क्रमांक लिहिलेल्यालाही. म्हणजे प्रश्न मंडळाने चुकीचा उतरवला तर उत्तराशिवाय गुण, आणि पोराने चुकीचा उतरवला तर उत्तर असूनही भोपळा.

तेव्हा यंदापासून प्रत्येक विद्यार्थ्याने पुरवणीला शुद्धिपत्रक जोडावे: 'पान ४, ओळ २. वजाऐवजी अधिक छापले गेले आहे. गैरसोयीबद्दल दिलगिरी. सदर प्रश्न सोडवण्याचा प्रयत्न केल्याबद्दल मला पूर्ण गुण देण्याचा निर्णय मी घेतला आहे.'